आठ लक्ष पोत्यांतील एक खडा

मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडीत बसलेली गृहिणी आपण सर्वांनीं पाहिलेली आहे. तिची नजर एकाग्र असते, बोटें चपळ असतात. आणि तरीहि जेवतांना एखादा खडा दांताखालीं येतोच. शंभर किलोंच्या एका पोत्यांत तांदळाचे सुमारें पन्नास लक्ष दाणे मावतात. अशीं आठ लक्ष पोतीं एका ठिकाणीं रचावीं, त्यांतील दाणा न् दाणा निवडावा आणि अखेरीस त्या सर्व राशींत मिळून एकच खडा राहावा, अशी अट कोणीं घातली तर आपण त्या माणसाला वेड्यांत काढूं. परंतु जर्मेनियम नांवाच्या मूलद्रव्याच्या बाबतींत नेमकी अशीच अट एका शास्त्रज्ञानें स्वतःवर घालून घेतली, आणि ती पार पाडून दाखविली. त्या शास्त्रज्ञाचें नांव रॉबर्ट हॉल. एवढी शुद्धता कोणाला हवी होती आणि कशासाठीं, हा प्रश्न आपल्या मनांत सहजच उभा राहील. त्याचें उत्तर देण्याचा प्रयत्न मी आजच्या भाषणांत करणार आहें.

हॉल यांचा जन्म अमेरिकेंतील न्यू हेवन या गांवीं २५ डिसेंबर १९१९ रोजीं झाला. तरुणपणीं त्यांना स्वतःच्या हातांनीं दुर्बीण तयार करण्याचा छंद होता. तासन् तास कांच घासून तिला हवा तो आकार आणि हवी ती चकाकी आणावयाची, हें काम चिकाटीवांचून होत नाहीं. आणि ही चिकाटी पुढें त्यांच्या किती उपयोगीं पडली, तें आपण पाहणारच आहों. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेची पदवी घेऊन १९४२ सालीं ते जनरल इलेक्ट्रिक कंपनींत नोकरीस लागले. महायुद्धाच्या काळांत शत्रूच्या रडारला गोंधळांत पाडणाऱ्या मॅग्नेट्रॉन नळ्यांवर त्यांनीं काम केलें. युद्ध संपल्यावर ते पुन्हां विद्यार्थी झाले, १९४८ सालीं अणुगर्भाच्या विज्ञानांत त्यांनीं डॉक्टरची पदवी मिळविली, आणि ते स्केनेक्टडी येथील कंपनीच्या प्रयोगशाळेंत परतले. १९८७ सालीं निवृत्त होईपर्यंत तीच त्यांची कर्मभूमि राहिली.

तो काळ मोठ्या नवलाचा होता. डिसेंबर १९४७ मध्यें बेल प्रयोगशाळेंत बार्डीन व ब्रॅटन यांनीं जर्मेनियमच्या एका तुकड्यावर पहिला ट्रँझिस्टर करून दाखविला होता, आणि अर्धवाहक पदार्थांकडे सर्वांचें लक्ष वेधलें होतें. तांब्यांतून वीज सुखानें वाहते; कांचेंतून ती वाहत नाहीं; जर्मेनियमसारखे अर्धवाहक या दोहोंच्या मध्यें बसतात. जर्मेनियमच्या प्रत्येक अणूला चार हात आहेत असें समजा. शेजारच्या चार अणूंचे हात त्यानें घट्ट धरलेले असतात. त्यामुळें वीज वाहून नेण्यास मोकळें असें फारसें कोणी उरत नाहीं. अशा या शिस्तीच्या समाजांत पांच हातांचा एखादा परका अणु, उदाहरणार्थ आर्सेनिकचा, येऊन बसला म्हणजे त्याचा पांचवा हात रिकामा राहतो; एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो आणि विजेच्या कामीं येतो. उलट इंडियमसारखा तीन हातांचा अणु आला, तर एक जागा उणी राहते. ही उणी जागा, म्हणजे ‘पोकळी’, एका अणूकडून दुसऱ्या अणूकडे सरकत जाते, आणि जणूं एखादा धनविद्युत् कणच असावा तशी तीहि वीज वाहून नेते. एक कोटि अणूंमागें असा एक परका अणु असला, तरी पदार्थाचें सारें वर्तन पालटतें. अर्धवाहकांच्या शास्त्राचें मर्म या एका गोष्टींत आहे. तेथें अशुद्धि मोजून घातली तर ती गुण ठरते, आणि न मोजतां शिरली तर ती घात करते.

हॉल यांच्या कारकीर्दीचा आरंभ अशुद्धि मोजून घालण्यापासूनच झाला. इलेक्ट्रॉन अधिक असलेल्या जर्मेनियमच्या चकतीवर इंडियमचा लहानसा मणि ठेवून ती तापवावी; इंडियम वितळतें आणि आपल्याखालचें थोडें जर्मेनियम विरघळवून घेतें. निवल्यावर तें जर्मेनियम पुन्हां घट्ट होतें, परंतु आतां त्यांत इंडियम मिसळलेलें असल्यामुळें तो थर पोकळ्यांनीं भरलेला असतो. अशा रीतीनें एकाच स्फटिकांत दोन विरुद्ध स्वभावांचे थर एकमेकांस भिडतात. आणि त्या सांध्यांतून वीज एका दिशेनें सहज जाते, उलट दिशेनें अडते. असे सांधे करण्याविषयींचें आपलें काम हॉल यांनीं डनलॅप या सहकाऱ्यासमवेत १९५० सालीं प्रसिद्ध केलें.

लगेच दोन वर्षांनीं, १९५२ सालीं, त्यांनीं अशुद्धीची दुसरी बाजू उजेडांत आणली. जर्मेनियममधील मोकळा इलेक्ट्रॉन आणि पोकळी यांची गांठ पडली म्हणजे इलेक्ट्रॉन त्या रिकाम्या जागेंत बसतो आणि दोघेहि नाहींसे होतात. परंतु वाटेंत अचानक त्यांची गांठ पडणें दुर्मिळ असतें. मग ते इतक्या लवकर नाहींसे कां होतात? हॉल यांनीं दाखविलें कीं, कांहीं परके अणु हे वाटेवरच्या धर्मशाळेसारखे असतात. इलेक्ट्रॉन तेथें मुक्कामास थांबतो, मागाहून पोकळी तेथेंच येते, आणि दोघांचाहि शेवट होतो. शॉक्ली व रीड यांनीं स्वतंत्रपणें हाच सिद्धांत त्याच वर्षीं मांडला, म्हणून या क्रियेला आज तिघांचीं नांवें जोडलेलीं आहेत. परका अणु नुसता उपरा नसतो, तो वाटमाऱ्याहि असूं शकतो, हें ज्या माणसानें गणितानें सिद्ध केलें, त्यानेंच पुढें त्याला हुसकून लावण्याचा विडा उचलावा, हें स्वाभाविकच म्हटलें पाहिजे.

मध्यंतरीं त्यांच्या हातून आणखी एक मोठी गोष्ट घडली. १९६२ च्या जुलै महिन्यांत न्यू हँपशर प्रांतांतील एका परिषदेंत त्यांनीं ऐकलें कीं, गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाच्या सांध्यांतून वीज सोडली असतां तिचें आश्चर्यकारक प्रमाणांत अवरक्त प्रकाशांत रूपांतर होतें. परतीच्या प्रवासांत आगगाडींतच त्यांनीं गणितें मांडण्यास सुरुवात केली. त्या इवल्याशा स्फटिकाच्या दोन बाजू आरशासारख्या चकचकीत व एकमेकींस अगदीं समांतर घासाव्या लागणार होत्या. तेथें तरुणपणच्या दुर्बिणीचा सराव कामीं आला. १६ सप्टेंबर १९६२ रोजीं द्रवरूप नायट्रोजनमध्यें थंड केलेल्या त्या स्फटिकानें पहिला अर्धवाहक लेसर प्रकाश दिला. तबकड्यांवरील संगीत वाचणारे आणि कांचेच्या तंतूंतून संदेश धाडणारे आजचे सर्व लहानगे लेसर हे त्याचेच वंशज होत. एवढ्या यशानंतर एखाद्यानें उरलेलें आयुष्य त्याच कीर्तीवर काढलें असतें. हॉल मात्र पुन्हां जर्मेनियमकडे वळले, आणि त्यांतहि ज्यांत झगमगाट मुळींच नाहीं अशा कामाकडे वळले.

आतां आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊं. किरणोत्सर्गी पदार्थांतून गामा किरण बाहेर पडतात. डोळ्यांना ते दिसत नाहींत, त्वचेला जाणवत नाहींत. प्रत्येक किरणोत्सर्गी अणूच्या गामा किरणांची ऊर्जा ठरलेली असते. ती जणूं त्याची सहीच. सीझियम-१३७ या अणूची सही ६६२ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तर त्याचा भाऊबंद सीझियम-१३४ याच्या अनेक रेषांपैकीं एक ६०५ हजारांवर. ऊर्जा अचूक मोजतां आली, तर सही वाचतां येते आणि गुन्हेगार ओळखतां येतो. गायगरच्या नळींतून ‘टिक्’ असा आवाज येतो. परंतु किरण आला एवढेंच ती सांगते, कोणाचा आला तें सांगत नाहीं. १९४८ सालीं हॉफस्टॅटर यांनीं पुढें आणलेल्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांत किरण शिरला म्हणजे प्रकाशाची चमक उठते आणि तीवरून ऊर्जा कळते. परंतु ती सही शाई फुटलेल्या कागदावर केल्यासारखी पसरट उमटते. ६६२ हजारांची रेषा तेथें सुमारें पंचेचाळीस हजार रुंद होते, आणि ६०५ ची रेषा तिच्या अंगांत मिसळून जाते.

जर्मेनियममध्यें गोष्ट निराळी आहे. तेथें अवघ्या तीन इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या खर्चांत इलेक्ट्रॉन व पोकळी यांची एक जोडी जन्माला येते. वायूंत त्यासाठीं सुमारें तीस लागतात. म्हणजे सीझियम-१३७ चा एक किरण जर्मेनियममध्यें पूर्णपणें शोषला गेला, तर दोन लक्षांहून अधिक जोड्या निर्माण होतात. मोजावयाचे नग जितके अधिक, तितकी मोजणींतील चूक प्रमाणानें कमी. म्हणून जर्मेनियमच्या शोधकांत तीच रेषा जेमतेम दीड हजार रुंद उमटते. शाई न फुटतां सही स्पष्ट वाचतां येते.

परंतु येथें एक अडचण होती. या नव्या जोड्या मोजावयाच्या, तर स्फटिकांत आधींपासून हिंडणारे इलेक्ट्रॉन व पोकळ्या बाहेर काढून मैदान मोकळें करणें अवश्य होतें. गजबजलेल्या बाजारांत कुजबुज ऐकूं येत नाहीं. सांध्यावर उलट दिशेनें विजेचा दाब दिला म्हणजे सांध्यालगतचा थर असा मोकळा होतो. या थराची जाडी परक्या अणूंच्या संख्येवर अवलंबून असते. एका घन सेंटिमीटरांत असे परके अणु दहा हजार अब्ज असले, तर हजार व्होल्टांच्या दाबानेंहि अर्धा मिलिमीटरसुद्धां थर मोकळा होत नाहीं. ट्रँझिस्टरला तेवढें पुरे होतें. गामा किरण मात्र एवढ्याशा थरांतून बहुधा निघून जातात. त्यांना अडविण्यास कित्येक सेंटिमीटर जाडीचें जर्मेनियम पाहिजे.

यावर पहिला तोड निघाला तो युक्तीचा होता. हॉल यांच्याच प्रयोगशाळेंतील एरिक पेल यांनीं १९६० सालीं दाखविलें कीं, लिथियमचे इवले अणु विजेच्या दाबानें स्फटिकांत खोलवर सरकवितां येतात. स्फटिकांतील परके अणु जर इलेक्ट्रॉन कमी पाडणारे असतील, तर इलेक्ट्रॉन देणारें लिथियम तेवढ्याच संख्येनें त्यांच्या शेजारीं जाऊन बसतें, आणि एकाची उणीव दुसऱ्याच्या आधिक्यानें भरून निघते. जमा आणि खर्च सारखे झाले, म्हणजे स्फटिक शुद्ध असल्यासारखा वागूं लागतो. या रीतीनें १९६० नंतरच्या दशकांत अनेक प्रयोगशाळांनीं जर्मेनियमचे उत्तम शोधक केले. परंतु यांत खडा काढलेला नव्हता. एका खड्याच्या जोडीला दुसरा ठेवून हिशेब जुळविलेला होता. लिथियमचे अणु साध्या तापमानांतहि जर्मेनियममध्यें स्वस्थ बसत नाहींत. म्हणून असा शोधक जन्मापासून अखेरपर्यंत उणें १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनवर ठेवावा लागे. रात्र असो, सुटी असो, भांडें भरण्यास कोणीतरी हजर असलेंच पाहिजे. एखाद्या वेळीं विसर पडला आणि शोधक साध्या तापमानावर राहिला, कीं लिथियमची मांडणी विस्कटे, आणि दिवसेंदिवस खपून केलेलें काम वायां जाई.

हॉल यांनीं विचार केला तो सरळ होता. दोषाला प्रतिदोष जोडण्याऐवजीं मूळ दोषच काढून टाकला तर? हिशेब असा आला कीं, परके अणु एका घन सेंटिमीटरांत दहा हजार अब्जांवरून दहा अब्जांवर आणले, तर हजार व्होल्टांत एक सेंटिमीटरांहून अधिक थर मोकळा होईल. दहा अब्ज ही संख्या आपणांस मोठी वाटेल; परंतु तेवढ्याच जागेंत जर्मेनियमचे अणु चव्वेचाळीस हजार अब्ज अब्ज असतात. म्हणजे चार हजार अब्ज अणूंमागें एक परका अणु. आरंभीं सांगितलेलीं आठ लक्ष पोतीं आणि त्यांतील एक खडा, तो हाच.

हें निवडणें कसें साधलें? त्याचा मूळ मार्ग बेल प्रयोगशाळेंतील फॅन यांनीं पूर्वीच दाखवून दिला होता. खारें पाणी गोठूं लागलें म्हणजे बर्फांत मीठ फार थोडें उतरतें, बहुतेक मीठ उरलेल्या पाण्यांत राहतें. त्याचप्रमाणें वितळलेलें जर्मेनियम घट्ट होतांना बहुतेक परके अणु द्रवांतच राहणें पसंत करतात. म्हणून जर्मेनियमच्या लांब कांडीचा एक अरुंद पट्टा वितळवावा आणि तो पट्टा या टोंकापासून त्या टोंकापर्यंत हळूहळू सरकवीत न्यावा; जातां जातां तो कचरा पुढें लोटीत नेतो. असें पुनःपुन्हां करून मळकें टोंक कापून टाकावयाचें. बोरॉनसारखा एखादा अणु मात्र उलट्या स्वभावाचा असतो. तो घन भागांत राहणें पसंत करतो आणि दुसऱ्या टोंकाशीं गोळा होतो. त्याहून मोठें संकट असें कीं, ज्या पात्रांत जर्मेनियम वितळवावयाचें त्या पात्रांतूनच नवी अशुद्धि शिरते. म्हणून पात्र कसलें, त्याला आंतून लेप कसला, भोंवतीं वायु कोणता, या एकेका गोष्टीची पारख करावी लागली. अखेर क्वार्ट्झच्या पात्रांत, शुद्ध हायड्रोजनच्या वातावरणांत, वितळलेल्या जर्मेनियममधून स्फटिक सावकाश वर ओढून वाढविण्याची पद्धति रूढ झाली.

एवढी सूक्ष्म अशुद्धि मोजावयाची तरी कशी? कोणत्याहि रासायनिक परीक्षेच्या ती आटोक्यांत नव्हती. ती विजेच्या वर्तनावरूनच ताडावी लागे, आणि तीहि कडक थंडींत. कारण साध्या तापमानांत जर्मेनियमच्या स्वतःच्याच उष्णतेनें इतके इलेक्ट्रॉन सुटतात कीं, परक्या अणूंचा आवाज त्यांत बुडून जातो. या मोजणीसाठीं चुंबकक्षेत्रांतील ज्या परिणामाचा उपयोग करतात, त्याचेंहि नांव ‘हॉल परिणाम’ असें आहे. परंतु तो १८७९ सालीं एडविन हॉल नांवाच्या दुसऱ्याच अमेरिकन शास्त्रज्ञानें शोधला होता. हा नांवांचा योगायोग मोठा गंमतीचा आहे.

१९७० सालीं बेर्ट्श व हॉल यांनीं शुद्ध जर्मेनियमपासून केलेल्या गामा-शोधकांचें वृत्त प्रसिद्ध केलें. पुढें बर्कली येथील प्रयोगशाळेंत हॅलर, हॅन्सन आदि संशोधकांनीं हें काम बरेंच पुढें नेलें. त्यांना एक चमत्कारिक अनुभव आला. हायड्रोजनमध्यें वाढविलेला स्फटिक रचनेच्या दृष्टीनें अगदींच निर्दोष असला, तर तो शोधकासाठीं निकामी ठरतो! अणूंच्या रचनेंत ज्या जागा रिकाम्या राहतात, त्यांना हायड्रोजन चिकटून नवे सांपळे तयार होतात. रचनेंत थोड्या मोडलेल्या ओळी असल्या, तर त्या रिकाम्या जागा तेथें जिरून जातात. म्हणजे शुद्धता पराकोटीची हवी, परंतु रचनेंत किंचित् व्यंगहि हवें. निसर्ग आपल्या व्याख्या मानीत नाहीं. त्याला विचारूनच आपणांस त्या कराव्या लागतात.

नवा शोधकहि काम करतांना थंडच ठेवावा लागतो. परंतु काम संपल्यावर तो खुशाल साध्या तापमानावर राहूं शकतो. हा फरक दिसण्यांत लहान, परंतु परिणामांत मोठा ठरला. आतां शोधक प्रवासास नेतां येऊं लागला. १९७९ सालीं सुटलेल्या एका अमेरिकन उपग्रहावर जर्मेनियमचे चार शोधक होते. आकाशगंगेंतून येणारी १८०९ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टांची रेषा त्यांनीं टिपली. ती अ‍ॅल्युमिनियम-२६ या अणूची सही होती. हा अणु सुमारें सात लक्ष वर्षांत निम्मा होतो. आकाशगंगेचें वय त्याच्या हजारों पट आहे. तेव्हां तो आज सांपडतो याचा अर्थ एवढाच कीं, ताऱ्यांच्या भट्ट्यांत नवीं मूलद्रव्यें अजूनहि तयार होत आहेत. २००२ सालीं मंगळाभोंवतीं फिरणाऱ्या ‘मार्स ओडिसी’ यानावरील अशाच शोधकानें त्या ग्रहाच्या ध्रुवांकडील भूमींत हायड्रोजनचा, म्हणजेच मातीखालील बर्फाचा, मोठा सांठा असल्याची ग्वाही दिली. त्याच वर्षीं ‘इंटेग्रल’ नांवाचा युरोपीय उपग्रह असे एकोणीस शोधक घेऊन गेला. अंतराळांतील कणांच्या माऱ्यानें स्फटिकांची रचना बिघडे, तेव्हां त्यांना शंभर अंशांच्या आसपास तापवून बरें करीत. आणि हा क्रम दोन दशकांहून अधिक काळ चालला. लिथियमच्या शोधकाला जी ऊब मारक ठरली असती, तीच येथें औषध झाली.

आकाशांतील या गोष्टी दूरच्या वाटल्या, तर घरांतील दुधाकडे पाहा. एप्रिल १९८६ मध्यें चेर्नोबिल येथें अपघात झाला, तेव्हां युरोपभर दूध, भाजी व माती यांचे नमुने जर्मेनियमच्या शोधकांपुढें ठेवण्यांत आले. पूर्वीच्या अणुबाँबच्या चांचण्यांमुळें सीझियम-१३७ मातींत अगोदरच होतें. तेवढें सांपडल्यानें कांहींच निश्चित झालें नसतें. परंतु सीझियम-१३४ हें अणुभट्टींतच लक्षणीय प्रमाणांत तयार होतें, आणि तें दोन वर्षांत निम्में होतें. म्हणून ६०५ ची रेषा ६६२ हून वेगळी उठून दिसली, म्हणजे हें विष जुन्या चांचणीचें नसून नव्या अपघाताचें आहे, असें छातीठोकपणें सांगतां येई. दूध मुलाला द्यावें कीं ओतून टाकावें, हें ठरविणाऱ्या माणसाला हा निर्वाळा कितीतरी मोलाचा असतो.

आपल्या मुंबईंतहि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत असे शोधक अणुगर्भाच्या अभ्यासासाठीं वापरले गेले आहेत. चार-चार स्फटिकांचे हे संच देशांतील अनेक संस्थांनीं मिळून उभारलेले असून मुंबई, दिल्ली व कलकत्ता येथील यंत्रांवर ते आळीपाळीनें नेण्यांत आले. साध्या तापमानावर आणून प्रवासास निघतां येतें म्हणूनच अशी देवघेव इतकी सोपी झाली.

रॉबर्ट हॉल ७ नोव्हेंबर २०१६ रोजीं, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षीं निवर्तले. त्यांचें नांव निघालें म्हणजे लोक लेसरची आठवण काढतात, आणि तें योग्यच आहे. परंतु मला त्यांच्या शुद्धीकरणाच्या कामाविषयीं अधिक आदर वाटतो. लेसरच्या शर्यतींत त्या एका मोसमांत अनेक प्रयोगशाळा धांवत होत्या. हॉल नसते तरी दुसरा कोणी लवकरच तेथें पोंचला असता. खडा झांकून चालत असतांना तो काढण्याचा हट्ट धरणारीं माणसें मात्र थोडीं असतात. झांकलेला खडा रोज पहारा मागतो; काढलेला खडा मागाहून कांहीं मागत नाहीं. आपल्या घरांतील तांदूळ निवडणाऱ्या गृहिणीला हें कोणीं शिकवावें लागत नाहीं. सूप पुन्हां एकदां उन्हाकडे तिरपें धरून ती पाहते, आणि मगच उठते.